योसेफाचे कोठार व विहिरीचे पाणी

शास्त्रपाठ : उत्पत्ति ४१:२५-४९, ४७:१३-२५

हा पाठ वर्गात घेताना आपण बहुधा फारोच्या स्वप्नावरच थांबतो. पुष्ट गाई किती व रोड गाई किती, हे मुलांस तोंडपाठ असते. परंतु योसेफाचे शहाणपण स्वप्नाच्या उलगड्यात जितके दिसते, तितकेच त्याने पुढे दिलेल्या सल्ल्यातही दिसते. सुकाळ चालू असतानाच पिकाचा पाचवा हिस्सा राखून ठेवावा, असे त्याने सांगितले. चौदा वर्षांची तजवीज त्याने एकदम योजिली.

आपल्या कोरडवाहू मुलखात पाण्याचे कोठार जमिनीच्या पोटात आहे. ते किती भरते आणि आपण किती उपसतो, हे थोडीच गावे मोजतात. उपदेशक बंधूंनी पुढील हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा.

एक हेक्टर रानावर ४०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ४० लाख लिटर पाणी होते. दख्खनच्या काळ्या पाषाणात त्याचा साधारण दहावा हिस्साच मुरतो, म्हणजे ४ लाख लिटर. बाकीचे वाहून जाते, उन्हाने उडते किंवा पिके व झाडे पितात. आता खर्च पाहू. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने खेड्यातील दर माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. त्या मानाने हजार वस्तीच्या गावास वर्षाला सुमारे २ कोटी लिटर लागतात; म्हणजे ५० हेक्टर रानात मुरलेले पाणी. आणि एक हेक्टर ऊस वाढून तयार होईपर्यंत जवळजवळ तितकेच पाणी पितो! ऊस लावणाऱ्या बंधूस दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. रोख पैसा देणारे पीक कोणास नको? पण हजार माणसांचे वर्षाचे पाणी एका फडात जाते, हे त्यास ठाऊक असावे.

पुढे वस्ती बाराशे झाली म्हणून पाऊस वाढत नाही. नवी बोअर घेतल्याने पाणीही वाढत नाही. त्याच कोठाराला आणखी एक दार पडते, इतकेच.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने हे ओळखले. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर, १९९० च्या दशकात तेथे डोंगरउतारावर चर खणले, झाडतोड व मोकाट चराई बंद केली. असे काम पुष्कळ गावे करतात. हिवरे बाजारने मागणीसही आवर घातला : शेतीसाठी बोअर नाही, ऊस व केळी नाही. पावसाळा सरल्यावर पाऊस व विहिरींची पातळी पाहून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवतात. आधी माणसांचे व गुरांचे पाणी राखतात, आणि मग रब्बीत काय पेरावे हे ठरते.

ग्रामसभेपुढे, हे शब्द महत्त्वाचे आहेत. सत्तेचाळिसावा अध्याय आपण वर्गात सहसा वाचीत नाही. धान्यासाठी लोकांनी आधी पैसा दिला, मग गुरे, मग जमिनी, आणि शेवटी स्वतः फारोचे दास झाले. जीव वाचले खरे, पण कोठाराची किल्ली एकाच्याच हाती राहिली. खोल बोअरवाल्याकडून टँकर विकत घेणाऱ्या विधवा बहिणीस हा अध्याय समजावून सांगण्याची गरज नाही.

मंडळीने आरंभ असा करावा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपासना आटोपल्यावर, दोरीस दगड बांधून वस्तीच्या विहिरीत पाणी किती खाली आहे ते मोजावे व तारखेसह वहीत टिपावे. दोरी तीच ठेवावी व मोजमाप काठावरील एकाच खुणेपासून घ्यावे. कार्तिकातील आकडा ग्रामसभेत वाचून दाखवावा, तोही रब्बीची पेरणी ठरण्यापूर्वी.