हात विसरला नाही

मनुष्याच्या मेंदूचे वजन सुमारे १.४ किलोग्रॅम असते. कवटीच्या भक्कम पेटीत, एका स्वच्छ द्रवाच्या आवरणात निसर्गाने तो जपून ठेवला आहे. पाहणे, बोलणे, चालणे, आठवणे, विचार करणे ही सारी कामे तेथूनच चालतात. हाताचे हाड मोडले तर ते कालांतराने सांधते; परंतु मेंदूतील मज्जापेशी एकदा नष्ट झाल्या, की त्यांच्या जागी नव्या पेशी सहसा उत्पन्न होत नाहीत. मग मेंदूला जबर इजा झालेल्या माणसाने आशा सोडावी काय? या प्रश्नाचे उत्तर रशियातील एका सैनिकाने आपल्या आयुष्याने दिले आहे. त्याचे नाव लेव्ह झासेत्स्की.

झासेत्स्कीचा जन्म १९२० साली झाला. यंत्रविद्येचा तो हुशार विद्यार्थी होता. दुसरे महायुद्ध पेटले आणि शिक्षण सोडून तो सैन्यात दाखल झाला. २ मार्च १९४३ रोजी स्मोलेन्स्कच्या आघाडीवर लढत असताना शत्रूची एक गोळी त्याच्या डोक्याच्या डाव्या बाजूने मेंदूत शिरली. प्राण वाचले, पण शुद्धीवर आल्यावर आपण एका अनोळखी जगात आलो आहोत, असे त्याला वाटू लागले.

त्याचे डोळे शाबूत होते, तरी उजवीकडचे त्याला दिसत नसे. समोरची वस्तू अखंड दिसण्याऐवजी तिचे तुकडेच दिसत. उजवा हात कोणता, डावा कोणता, हे कळेना. वर्तमानपत्र हाती दिले, तर त्यातले एकही अक्षर ओळखता येईना. नित्याच्या वस्तूंची नावे ओठांवर येईनात. ‘आईची मुलगी’ आणि ‘मुलीची आई’ यांतील भेद त्याला उमगत नसे. आई म्हणजे कोण व मुलगी म्हणजे कोण, हे त्याला ठाऊक होते; मात्र दोन शब्दांचे नाते जोडणारा धागाच तुटला होता.

मेंदूच्या निरनिराळ्या भागांकडे निरनिराळी कामे असतात. गोळीने डाव्या बाजूचा मागील भाग दुखावला होता. निश्चय करणे, योजना आखणे ही कामे करणारा कपाळामागील भाग मात्र धडधाकट होता. त्यामुळे आपण काय गमावले आहे, हे त्याला पुरते कळत होते. त्याचे दुःख याच जाणिवेत होते आणि त्याचे बळही तिच्यातच होते.

त्या काळी उरल पर्वताच्या प्रदेशात जखमी सैनिकांसाठी एक रुग्णालय चालविले जात होते. अलेक्झांडर लुरिया हे थोर मेंदुशास्त्रज्ञ तेथे काम करीत. झासेत्स्की तेथे आला आणि एखाद्या बालकाप्रमाणे त्याने पुन्हा मुळाक्षरे गिरवावयास प्रारंभ केला. अक्षर ध्यानात राहावे म्हणून तो त्याची सांगड ओळखीच्या नावाशी घालीत असे. ‘झ’ आठवण्यासाठी स्वतःचे आडनाव, तर ‘श’ आठवण्यासाठी शूरा या बहिणीचे नाव. मधलेच एखादे अक्षर हवे असले, तर पहिल्यापासून मुळाक्षरे म्हणत तो तेथवर पोहोचे. अशा रीतीने तो वाचू लागला, पण अत्यंत सावकाश. पुढील अक्षर ओळखावे, तोवर मागील विसरलेले असे.

लेखन तर त्याहूनही दुष्कर वाटत होते. पेन्सिल हाती घेतली, की अक्षराचे वळणच आठवत नसे. एके दिवशी एका डॉक्टरांनी त्याला सांगितले, “अक्षरांचा विचार करू नकोस. हात न उचलता सबंध शब्द एकदम लिहून टाक.” त्यांनी ‘रक्त’ हा शब्द सांगितला. झासेत्स्कीने पेन्सिल टेकवली आणि शब्द कागदावर उमटला! लिहिलेला शब्द त्याला स्वतःला वाचता येत नव्हता. तरी तो अचूक होता. बालपणापासूनच्या सरावाने लेखन ही हाताची सवय झाली होती. ती सवय सांभाळणारा मेंदूचा भाग गोळीपासून बचावला होता. डोळा विसरला होता, हात विसरला नव्हता.

त्यानंतर झासेत्स्कीने आपली कहाणी लिहावयास घेतली. योग्य शब्द सापडेपर्यंत फार वेळ जाई. लिहिलेले वाक्य पुरे होण्याआधीच पहिला शब्द मनातून निसटे. तरीही सुमारे २५ वर्षांत त्याने जवळजवळ ३००० पृष्ठे लिहिली. त्यांच्या आधारे लुरियांनी १९७१ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. दुखावलेला मेंदू आतून कसा अनुभवास येतो, हे त्यामुळे जगाला कळले. झासेत्स्की पूर्ण बरा कधीच झाला नाही. वाचन त्याला अखेरपर्यंत कष्टाचेच राहिले. मात्र प्रयत्न त्याने सोडला नाही.

आज अशा रुग्णांच्या साहाय्यास अनेक तज्ज्ञ असतात. कोणी दुबळ्या अवयवांना व्यायाम देतात, कोणी बोलावयास शिकवितात, तर कोणी कपडे घालणे, जेवणे यांसारखी रोजची कामे पुन्हा करवून घेतात. सतत सराव केल्यास मेंदूचे निरोगी भाग काही प्रमाणात नष्ट झालेल्या भागांचे काम उचलतात. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत अधिक वेगाने होते; पुढेही ती हळूहळू होत राहू शकते. घरच्यांचा धीर आणि शेजाऱ्यांची समजूत हीही त्या उपचाराचीच अंगे होत. अडखळत बोलणाऱ्याला हसणे सोपे असते. त्याचा शब्द पुरा होईपर्यंत थांबण्यास संयम लागतो.

तथापि, इजा होऊच न देणे हे सर्वांत श्रेयस्कर. दुचाकीवर बसताना शिरस्त्राण घालावे. डोक्याला मार लागल्यावर वांत्या, गुंगी, बोलण्यात गोंधळ किंवा तीव्र डोकेदुखी जाणवली, तर रुग्णाला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. कवटीची पेटी भक्कम खरी. पण तिच्यातील ठेवा एकदाच मिळतो.

स्वाध्याय
१. झासेत्स्कीला वाचता येत नसतानाही लिहिता का आले?
२. ‘त्याचे दुःख याच जाणिवेत होते आणि त्याचे बळही तिच्यातच होते’, असे लेखकाने का म्हटले आहे?
३. ‘आईची मुलगी’ व ‘मुलीची आई’ यांसारख्या शब्दांच्या आणखी तीन जोड्या लिहा आणि त्यांतील अर्थभेद सांगा.