हळद, लिंबू आणि चेहरा

वांगे चिरून ठेवा. थोड्या वेळाने फोडी काळ्या पडतात. गोडेतेल बरेच दिवस उघडे राहिले तर खवट होते. ही करणी हवेतल्या प्राणवायूची. फोडींना लिंबू चोळले तर त्या लवकर काळ्या पडत नाहीत.

प्राणवायूची ही करणी रोखणारे पदार्थ पुष्कळ झाडांत असतात. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. हळदीत ते आहेत, आवळ्यात आहेत, चहाच्या पानातही आहेत. उन्हाने कातडीला इजा होते, तिच्यातही प्राणवायूचा हात असतो. म्हणून हल्ली तोंडाला लावायच्या क्रीमच्या डबीवर हा शब्द छापलेला दिसतो.

मग झाडाचे ते सगळे निर्धोक का? आमच्या वर्गाला येणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "झाडपाल्यानं काय व्हायचंय?" आम्ही विचारले, "आणि बिब्बा?" त्या हसल्या. बिब्बा उतला की अंगावर फोड येतात, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक!

मग त्यांनीच लेकीची हकिकत सांगितली. लग्नाला आठ दिवस होते. रंग उजळावा म्हणून पोरीने हळदीत लिंबू पिळून तोंडाला लावले, वरवर धुतले नि शेतात गेली. दुसऱ्या दिवशी गाल लाल झाले, आग होऊ लागली. मग काळे डाग पडले. ते लग्नातही दिसत होते. पोर तोंड वर करीना.

दोष बहुधा लिंबाचा. लिंबाच्या रसात, आणि सालीत तर जास्तच, असा पदार्थ असतो की तो अंगावर असताना ऊन लागले तर कातडी भाजते. डाग जायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. लिंबू वांग्याला बरे, गालाला नको.

हळदही कोणाकोणाला सोसत नाही. खाज सुटते, पुरळ उठते. शिवाय पिवळी दिसावी म्हणून काही लोक हळदीत शिसे असलेला रंग मिसळतात. हळकुंडालाही चोळतात. शिसे हे विष आहे. तेव्हा भडक रंगाला भुलू नका.

उटणे असो की क्रीम, आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढे लावा. चेहऱ्यावर जेवढा वेळ ठेवणार तेवढाच वेळ ठेवा. असे रोज दोनदा, आठ-दहा दिवस करा. आग झाली, खाज आली, तर लगेच धुवा आणि पुन्हा लावू नका. फोड आले तर डॉक्टरांना दाखवा. लग्नाची घाई असेल तर नवे काही लावूच नका.

डबीचे झाकण घट्ट लावा. डबी उन्हात ठेवू नका. हवेशी झुंजता झुंजता आतला पदार्थही संपत जातो. वास किंवा रंग बदलला, की डबी फेकून द्या.