टाक्यावरचा पत्रा

ज्या दिवशी ही गोष्ट घडली त्या दिवसापासून आजतागायत मला एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी विचारला गेला आहे: "तेव्हा तुझे लक्ष कुठे होते?" घरमालकांनी तो विचारला, गल्लीतल्या बायांनी विचारला, दारव्ह्याहून मिळेल त्या गाडीने धावत आलेल्या सासूबाईंनी नातवाला उराशी धरून, माझ्याकडे न पाहता विचारला, आणि रात्री दिवा मालवल्यावर मीही तो स्वतःला विचारीत आले. त्याचे उत्तर आज सविस्तर लिहून ठेवीत आहे, कारण तोंडी दिलेले उत्तर कोणी शेवटपर्यंत ऐकून घेतले नाही, आणि कारण तशाच एखाद्या अंगणात, तशाच एखाद्या पत्र्यापासून चार पावलांवर, या क्षणीही कोणाचे तरी लेकरू वाटी-चमचा वाजवीत बसलेले असेल.

लोहाऱ्यात राहणाऱ्याला पाण्याची कहाणी सांगावयास नको. बाहेरगावच्या वाचकासाठी इतकेच सांगते की, यवतमाळ शहर आणि त्याला चिकटलेल्या आमच्यासारख्या वस्त्या यांची तहान अनेक वर्षे निळोणा आणि चापडोह या दोन धरणांवर भागत आली, आणि 2018 च्या उन्हाळ्यात या दोन्ही धरणांनी तळ दाखविला तेव्हा शहराने जे दिवस काढले त्यांची धास्ती येथल्या माणसाच्या मनातून अजून गेलेली नाही. पुढे बेंबळा प्रकल्पावरून पाणी आणण्याची योजना झाली, नळ बदलले. पण साठवण करण्याची सवय एकदा अंगी मुरली की ती धरण भरल्याने सुटत नाही. म्हणून येथे घर लहान असले तरी टाके मोठे असते, न्हाणीघरात निळे ड्रम रांगेने उभे असतात, आणि 'नळाचा दिवस' हा घरातील बाईच्या आयुष्यातला एक स्वतंत्र वार असतो. त्या दिवशी चहा उशिरा होतो, पोळ्या मागे पडतात, आणि प्राधिकरणाचे पाणी आले अशी हाक गल्लीत उठताच जो तो टिल्लू पंप काढून धावत सुटतो.

आमच्या घरमालकांचे टाके अंगणाच्या मधोमध, आमच्या दोन खोल्या आणि त्यांचे मागील दार यांच्या दरम्यान होते. तोंड चौकोनी, दोन फूट बाय दोन फूट, फरशीच्या पातळीला. भोवती वीतभर उंचीचाही कठडा नाही. त्यावरचे बिडाचे झाकण दिवाळीच्या सुमारास मोटारसायकल चढून फुटले, आणि त्याच्या जागी जुन्या कूलरचा एक पत्रा आणि त्यावर दोन विटा अशी व्यवस्था झाली. ही व्यवस्था तात्पुरती होती, असे घरमालक शेवटपर्यंत सांगत राहिले. ज्या घरात चालू लागलेले मूल आहे त्या घरात 'तात्पुरती' या शब्दाला काही अर्थ असू शकत नाही, हे मला आता समजते. त्या वेळी मीही त्या शब्दावर विसंबले.

मी त्यांना तीन वेळा सांगितले. पहिल्यांदा कार्तिकात, दुसऱ्यांदा संक्रांतीचे वाण द्यावयास गेले तेव्हा, आणि तिसऱ्यांदा फेब्रुवारीत, पत्र्याचे छायाचित्र काढून व्हॉट्सअॅपवर. पहिल्या दोन वेळांस त्यांनी "हो बाई, पुढच्या महिन्यात पाहू" असे म्हटले, आणि तिसऱ्या निरोपाला उत्तरच दिले नाही. प्रसंग घडून गेल्यावर त्यांनी चारचौघांसमोर छातीला हात लावून सांगितले की, आपल्याला कोणी कधी काही बोललेच नाही. पहिल्या दोन बोलण्यांचा माझ्यापाशी काहीही पुरावा नव्हता. तिसऱ्या निरोपावर मात्र तारीख होती, छायाचित्र होते आणि तो वाचला गेल्याच्या दोन निळ्या खुणा होत्या. तो मी पुढे केला तेव्हा त्यांचा आवाज खाली आला. सबब भाड्याने राहणाऱ्या प्रत्येक आईबापास माझे पहिले सांगणे हेच की, धोक्याची इत्तला तोंडी देऊ नका. गोड बोलून द्यायची तर द्या, संबंध राखून द्या, पण लिहून द्या.

आता त्या सकाळविषयी. फाल्गुन उतरला होता, यजमान पहिल्या पाळीला एमआयडीसीत गेले होते, आणि साडेनऊच्या सुमारास नळ आला. आमचा चिनू तेव्हा दीड वर्षाचा होण्यास महिनाभर उणा होता. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्याला निळोण्याला नेले होते; धरण तुडुंब होते, आणि वडिलांच्या मांडीवर बसून त्याने पाण्यात एकामागून एक खडे टाकले होते. खडा बुडताना जो आवाज होतो त्याला त्याने 'बुई' असे नाव दिले, आणि तेव्हापासून बादली असो, गुंड असो, देवापुढचा तांब्या असो, हाती येईल ती वस्तू पाण्यात टाकून 'बुई' म्हणावयाचे आणि आमच्याकडे पाहून हसावयाचे, हा त्याचा छंद झाला होता. आम्हीही हसत होतो. मुलाचे नवे शब्द घरात कौतुकाने मोजले जातात. तो शब्द त्याला कोठे घेऊन जाईल याचा विचार मात्र कोणी करीत नाही.

मी त्याला उंबऱ्याच्या आत, वाटी आणि चमचा देऊन बसविले, दाराला खुर्ची आडवी लावली, आणि मागच्या न्हाणीत ड्रम भरू लागले. तेथून अंगण दिसत नव्हते, परंतु वाटीचा आवाज येत होता, आणि त्या आवाजाच्या आधारावर मी निश्चिंत होते. इकडे घरमालकांच्या मुलाने टिल्लूची नळी टाक्यात सोडण्यासाठी पत्रा अर्धा सरकविला, विटा बाजूस ठेवल्या, आणि तो पंप सुरू करून आत निघून गेला. खुर्ची चिनूने ढकलली की तिच्याखालून तो निघाला, हे मला आजही सांगता येत नाही. वाटी वाजेनाशी झाली तेव्हा मला वाटले, कशात तरी गुंतला. पाण्यात काही पडल्याचा आवाज झाला असेल तर तो पंपाच्या घरघरीत बुडाला. हाक नाही, रडणे नाही, धडपड नाही.

हीच ती गोष्ट जी मला कोणी आधी सांगितली नव्हती, आणि जी मी आता भेटेल त्या आईला सांगते: बुडणारे लेकरू ओरडत नाही. गोष्टींत आणि चित्रपटांत माणूस हात वर करून हाका मारतो. एवढ्याशा मुलाच्या तोंडात पाणी गेले की त्याला हाक मारावयास श्वासच उरत नाही. घरात गोंगाट आहे तोवर मूल सुखरूप आहे. एकाएकी शांत झाले की हातातले काम, मग ते नळाचे असो की चुलीचे, तेथेच टाकून धावावे.

मी धावले ती त्या शांततेमुळेच, इतके तरी माझ्या बाजूने नोंदले जावे. अंगणात आले तो पत्र्याच्या कडेशी स्टीलचा चमचा पडलेला, आणि त्या चौकोनी काळोखात, नुकत्याच चढू लागलेल्या पाण्यावर, त्याची पिवळी बंडी फुगून तरंगत असलेली. वाटी दिसली नाही. ती त्याने पाण्यात टाकली असणार. मी उडी मारली. पाणी माझ्या छातीपर्यंत होते. त्याला वर उचलून धरले तेव्हा त्याचे ओठ जांभळे झाले होते आणि मान माझ्या मनगटावरून लोंबत होती, आणि तो स्पर्श मला अद्याप सोडून गेलेला नाही.

वरून शेजारच्या मावशींनी त्याला घेतले आणि आपल्याकडील रीतीप्रमाणे पायांना धरून उलटे केले. त्यांचा हेतू चांगला होता. त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. परंतु गल्लीतली परिचारिकेचे शिक्षण घेणारी एक मुलगी तेवढ्यात धावत आली, तिने मूल त्यांच्या हातून अक्षरशः हिसकावून घेतले, फरशीवर उताणे निजविले, हनुवटी किंचित वर केली, नाक चिमटीत धरून तोंडाला तोंड लावले आणि श्वास फुंकले. तिसऱ्या की चौथ्या श्वासाला त्याने ओकारी काढली आणि तो रडला. मुलाला उलटे टांगणे, गरगर फिरविणे, पोट दाबून पाणी काढणे, यांत मोलाचे क्षण जातात आणि ओकारी श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. त्याला पाण्याहून अधिक निकड श्वासाची असते. आधी पाच श्वास द्यावेत. तरीही हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध तीस दाब, मग दोन श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा, आणि दुसऱ्या कोणी 108 ला फोन करावा. हे वाचून साधत नाही. जाणत्याकडून एकदा हाताने करून शिकून घ्यावे.

तो रडला म्हणून आम्ही घरी थांबलो नाही, हे सुदैव. यवतमाळच्या सरकारी इस्पितळात त्याला रात्रभर देखरेखीखाली ठेवले, कारण छातीत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही उद्भवतो. तेथील तरुण डॉक्टरबाईंनी मला एकदाही विचारले नाही की तुमचे लक्ष कुठे होते. त्यांनी विचारले ते एवढेच की पाणी किती खोल होते आणि मूल किती वेळ आत होते. दोषारोप आणि चौकशी यांतला फरक मला त्या दिवशी कळला.

संध्याकाळी घरमालक आले. सोबत बिस्किटांचा पुडा होता. मुलाच्या खाटेकडे त्यांनी एकवार पाहिले, आणि यजमानांना व्हरांड्यात नेऊन पहिला प्रश्न विचारला तो असा: "पोलिसात तं काही लिहून देल्लं नाही ना?" मी दारातच उभी होते. मला पाहून म्हणाले, "बाई, आमचे चार लेकरं याच अंगनात वाढले. एकबी पडलं नाही. तुमचं ध्यान कुठी होतं?" त्यांची चार मुले वाढली तेव्हा त्या टाक्यावर बिडाचे झाकण होते, हे वाक्य मला त्या क्षणी सुचले नाही, पुढे पंधरा दिवस ते माझ्या डोक्यात घुमत राहिले. इस्पितळातील पोलीस चौकीत जबाब घेतला गेला तेव्हा यजमानांनी, बिऱ्हाड हलवावे लागेल या भीतीने, 'खेळता खेळता पडला' एवढाच मजकूर सांगून सही केली. मी त्यांना दोष देत नाही, पण इतरांस सांगते: जबाबात उघड्या टाक्याचा उल्लेख करा, आणि तो वाचून पाहिल्यावाचून सही करू नका.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी परतलो तेव्हा टाक्यावर नवे कोरे झाकण बसलेले होते. पाच महिने जे झाले नाही ते एका दुपारीत झाले.

कायदा मी नंतर वाचला, आधी वाचावयास हवा होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 याच्या कलम 14 नुसार भाड्याची जागा चांगल्या दुरुस्त स्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. त्याने कसूर केल्यास किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी आणि तो खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नव्हे. कलम 55 प्रमाणे करारनामा लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो नोंदविण्याची जबाबदारी मालकाची असते. आमचा करारनामा म्हणजे शंभराच्या मुद्रांकावरचा एक कागद होता, आणि त्यात टाक्याचा, झाकणाचा, अंगणाचा एक शब्द नव्हता. खोली पाहावयास जाताना आपण खिडक्या मोजतो, पंखा फिरतो का ते पाहतो. ज्यांच्या घरी रांगते-चालते मूल आहे त्यांनी आधी पाणी कोठे साठते ते पाहावे, झाकण स्वतः उचलून पाहावे. मूल ते सरकवू शकत असेल तर इसार देऊ नये.

आणि ज्यांना हा एकट्या माझ्या घरचा निष्काळजीपणा वाटतो त्यांच्यासाठी: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 या एका वर्षात जगात सुमारे 3 लाख माणसे बुडून दगावली, आणि त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता. बांगलादेशात या विषयाचा बारकाईने अभ्यास झाला तेव्हा असे दिसले की लहान मुले बहुधा सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात बुडतात, म्हणजे जेव्हा आई घरकामात गढलेली असते. तेथे त्यांनी आयांना दूषणे देत न बसता त्या वेळेपुरती मुले सांभाळणारी गावोगावची पाळणाघरे उघडली, आणि त्यांचा मोठा लाभ झाला. साडेनऊचा नळ आणि एकटी बाई, हा हिशेब तेथील अभ्यासकांना समजला. आमच्या गल्लीला समजला नाही.

आता आम्ही दुसरीकडे राहतो. नळाच्या दिवशी समोरच्या आजी चिनूला दोन तास आपल्या ओसरीवर घेऊन बसतात, आणि त्यांचे दोन ड्रम मी भरून देते. बादली वापरली की पालथी; ड्रमाला फिरकीचे झाकण; न्हाणीला बाहेरून, वर, कडी. मुलांवर लक्ष ठेवावे हे तर खरेच, पण लक्ष हे झाकण नव्हे. ते पापणी लवण्याइतके तुटतेच.

घर सोडताना घरमालकांनी अनामत रकमेचा हिशेब वहीच्या पानावर लिहून दिला. त्यात वीज होती, रंगकाम होते, आणि तिसऱ्या ओळीत, त्यांच्या वळणदार अक्षरात, 'टाक्याचे झाकण व मजुरी – 1,350' असे लिहून ती रक्कम वजा केली होती. यजमान म्हणाले, जाऊ दे. मी तो कागद चिनूच्या इस्पितळाच्या कागदांसोबत, त्याच फाइलीत लावून ठेवला आहे.