दारू सोडविण्याचा खर्च

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. त्यांतले कोणतेही गाव घ्या. दारूपायी मोडलेले एखादे घर तिथे दिसेलच. घरधनी मजुरी घेऊन निघतो, आणि घरी पोचेपर्यंत खिसा रिकामा होतो. घरची बाई उधारीवर तेल-मीठ आणते. शेजारीपाजारी म्हणतात, "आजार कायचा? अंगात मस्ती आहे, दुसरं काय!"

आम्हांला हे बोलणे पटत नाही. पहिला घोट माणूस आपल्या मनाने घेतो, हे खरे. पण रोजची सवय जडली की शरीरच दारू मागू लागते. मिळाली नाही तर हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पुष्कळ वर्षे भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडली, तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भलतेसलते दिसू लागते. वेळेला जीवही जातो. म्हणून अशा माणसाला खोलीत कोंडू नये, दवाखान्यात न्यावे. आणि बायांनो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोणी म्हणेल, दारू सुटायची गोळी गुपचूप भाजीत कालवून घाला. तसे मुळीच करू नका. त्या गोळीवर दारू पोटात गेली तर जिवावर बेतते. ती गोळी त्याला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायची असते.

आता, आजार म्हटला की उपचार आला, आणि उपचार म्हटला की पैसा आला. हा पैसा येतो कोठून?

पुण्याची हकीकत सांगतो. अनिल अवचट या लेखकांनी गर्दच्या नादी लागलेल्या तरुण मुलांविषयी लिहिले. गर्द म्हणजे अफूपासून होणारी, फार वाईट नशेची पूड. ते लेख पु. ल. देशपांडे आणि त्यांच्या पत्नी सुनीताबाई यांनी वाचले. त्यांनी अशा मुलांच्या उपचारासाठी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्या रुग्णालयाच्याच आवारात 29 ऑगस्ट 1986 रोजी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिताबाई 1997 साली वारल्या. केंद्र पुढे चालू राहिले.

लाख रुपये त्या काळी मोठी रक्कम. पण देणगी एकदा येते, पगार मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो. डॉक्टर, नर्स, समजूत घालणारे कार्यकर्ते, जेवण, औषधे, विजेचे बिल! एका देणगीवर हे कायम कसे चालावे? इथे अनुदानाची गरज लागते. ठरलेल्या कामासाठी, हिशोब घेऊन सरकार जो पैसा देते त्याला अनुदान म्हणतात. केंद्र सरकारने अशी योजना 1985-86 साली काढली. पूर्वीच्या नियमात मंजूर खर्चाच्या शंभर रुपयांत नव्वद सरकारचे आणि दहा संस्थेचे असत. ते दहा रुपये जमविणेही लहान संस्थेला जड जाते. हप्ता उशिरा आला तर पगार थकतात, आणि माणसे सोडून जातात.

पैसा पुरतो का? 2019 साली केंद्र सरकारने देशभरच्या पाहणीचा अहवाल काढला. ती पाहणी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाने केली होती. तिच्यात असे दिसले की, दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या 38 माणसांत एकालाच काही ना काही उपचार मिळाला होता. बाकीचे 37 तसेच राहिले.

मग काय, खाटा वाढवाव्यात? वाढवाव्यातच. पण आमच्या मते खरी अडचण खाटेवरून उठल्यावर सुरू होते. समजा, मोताळ्याकडचा एक गडी पुण्याला गेला. वाट चारशे किलोमीटरच्या आसपास. महिना-सव्वा महिना तो राहिला, बरा होऊन आला. बसमधून उतरतो तोच जुने सोबती हाक मारतात. पोळ्याचा सण येतो, लग्नाची वरात निघते. त्या संध्याकाळी त्याला धीर द्यायला पुण्याचा डॉक्टर थोडाच येणार आहे? जवळचे माणूस हवे. आणि त्या माणसाच्या पगाराचा खर्च खाटांच्या हिशोबात बसत नाही.

म्हणून गडचिरोलीचे काम पाहण्यासारखे आहे. 2016 साली तिथे 'मुक्तिपथ' सुरू झाले. डॉ. अभय बंग यांची 'सर्च' संस्था, महाराष्ट्र सरकार आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ते उभे केले. कार्यकर्ते गावात जातात, गावातच शिबिर घेतात. तालुक्याच्या ठिकाणी उपचाराची सोय होते. रोग्याने लांब जावे, त्यापेक्षा उपचारच त्याच्या जवळ यावा, असा हा विचार. केंद्राच्या योजनेतही वस्तीत फिरून काम करणाऱ्या संस्थांना आता जागा ठेवली आहे. आपल्या जिल्ह्यातल्या संस्थांनी अर्ज करताना खाटांबरोबर हा फिरतीचा खर्चही मागावा, असे आम्हांला वाटते.

एक मंडळ मात्र बाहेरचा पैसा घेतच नाही. 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' हे त्याचे नाव. दारू सोडलेल्या माणसांनी ते 1935 साली अमेरिकेत सुरू केले. आपल्याकडेही त्याच्या बैठका होतात. एक खोली, चहा, आणि एकमेकांचे ऐकणारी माणसे. खर्च सभासदच वर्गणी करून भागवितात. पण झटके येणाऱ्याला बैठक पुरत नाही, त्याला डॉक्टर लागतोच. दोन्ही हवे.

घरात अडचण असेल तर 14446 हा सरकारी फोन आहे. पैसे पडत नाहीत.

आता वही काढा. गावातला एक माणूस महिनाभर उपचाराला पुण्यास गेला, असे धरा. एका बाजूला त्याची बुडालेली मजुरी लिहा. खाली जाण्यायेण्याचे भाडे, भेटायला जाणाऱ्या बाईचे भाडे आणि तिचे बुडालेले खाडे लिहा. दुसऱ्या बाजूला, तोच उपचार तालुक्याला मिळाला तर किती लागेल ते लिहा. दोन्ही बेरजा करून वर्गात वाचून दाखवा.