दिनविशेष : ९ ऑगस्ट



सकाळी वर्तमानपत्र हाती आले की अनेकांची नजर प्रथम ‘दिनविशेष’ या छोट्या चौकटीकडे जाते. आपल्या मुलांच्या शाळेतही तो फळ्यावर लिहिला जातो. एकाच तारखेला, पण निरनिराळ्या साली घडलेल्या घटना शेजारी-शेजारी वाचताना मनात प्रश्न येतो : हा निव्वळ योगायोग, की यात देवाचा काही संकेत असतो? ९ ऑगस्ट ही एकच तारीख घेऊन आज आपण यावर विचार करू या.

आपल्याकडे हा क्रांतिदिन. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’ ठराव संमत झाला. ९ तारखेच्या पहाटे गांधीजींना अटक झाली आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्यांना ठेवण्यात आले. त्याच सकाळी अरुणा असफअली यांनी मैदानावर तिरंगा फडकविला. त्या दिवशी रविवार होता.

तोच रविवार हा एडिथ स्टाइन यांचा मृत्युदिन मानला जातो. त्यांचा जन्म १८९१ साली जर्मनीतील ज्यू कुटुंबात झाला. हुसर्ल या नामवंत तत्त्वज्ञाच्या हाताखाली, दुसऱ्याचे मन आपण कसे जाणतो या विषयावर त्यांनी डॉक्टरेट मिळविली. १९२२ साली त्यांनी स्नानसंस्कार घेतला व १९३३ साली त्या कार्मेल मठात दाखल झाल्या. नाझींच्या छळामुळे त्यांना हॉलंडमधील मठात जावे लागले. २६ जुलै १९४२ रोजी तेथील काथोलिक बिशपांचे, ज्यूंच्या छळाचा निषेध करणारे पत्र चर्चमध्ये वाचले गेले. नाझींनी त्याचा सूड म्हणून २ ऑगस्टला ज्यू वंशाच्या काथोलिकांना पकडले. एडिथ आणि त्यांची बहीण रोझा या दोघींना ऑश्विट्झच्या छावणीत ठार मारण्यात आले.

पुढच्या वर्षी, ९ ऑगस्ट १९४३ रोजी, ऑस्ट्रियातील फ्रान्झ येगरश्टेटर या शेतकऱ्याचा शिरच्छेद झाला. हिटलरसाठी शस्त्र उचलणार नाही, एवढाच त्याचा गुन्हा. घरी पत्नी आणि तीन लहान मुली होत्या. ‘कुटुंबाचा विचार कर’ असे त्याच्या बिशपांनीही समजावले. पण त्याची सदसद्विवेकबुद्धी त्याला परवानगी देईना.

आणि ९ ऑगस्ट १९४५. अणुबाँब घेऊन निघालेल्या अमेरिकन विमानाचे पहिले लक्ष्य कोकुरा हे शहर होते. तेथे खालचे काही दिसेना म्हणून ते नागासाकीकडे वळले. ११ वाजून २ मिनिटांनी बाँब फुटला, तो उराकामीच्या काथोलिक वस्तीवर. धर्मगुरूंविना सुमारे अडीचशे वर्षे लपूनछपून श्रद्धा जपलेल्या पूर्वजांचे हे वंशज. मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाची तयारी म्हणून चर्चमध्ये पापनिवेदन चालू होते. आत असलेले सारेच गेले. वस्तीतील सुमारे १२ हजार काथोलिकांपैकी सुमारे ८,५०० जण मरण पावले.

मग कोकुराचे लोक देवाला अधिक प्रिय होते काय? शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी नव्हती, असे प्रभू येशूने स्पष्ट सांगितले आहे (लूक, अध्याय १३). सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला बजावले जाई : दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. मुंबईतील अटक आणि ऑश्विट्झमधील मृत्यू यांत केवळ तारखेचे नाते आहे. बिशपांचे पत्र आणि ज्यू काथोलिकांची धरपकड यांत मात्र खरे कारण-कार्य आहे. म्हणून पत्र वाचणे चूक होते काय? नाही. हत्येचा दोष हत्या करणाऱ्याचा, सत्य बोलणाऱ्याचा नव्हे. पण सत्याची किंमत कधी कधी बोलणाऱ्याऐवजी दुसऱ्यालाच मोजावी लागते, हे दुःखही आपण लपवू नये.

तेव्हा तारखेत गूढ शोधू नका, शुभ-अशुभही शोधू नका. तारीख ही आठवण अडकविण्याची खुंटी आहे. देवाचा आवाज ऐकू येतो तो त्या दिवशी माणसांनी दिलेल्या उत्तरात.

ख्रिस्तसभा संतांचा मृत्युदिन हा त्यांचा स्वर्गातील जन्मदिन मानते. संत एडिथ स्टाइन यांचा सण म्हणूनच ९ ऑगस्टला असतो. २००७ साली धन्यवादित घोषित झालेल्या फ्रान्झचा स्मृतिदिन मात्र २१ मे, म्हणजे त्याच्या स्नानसंस्काराचा दिवस. त्याच्या ‘नाही’ या उत्तराची सुरुवात तेथेच झाली होती.

आपल्याला स्वतःचा वाढदिवस पाठ असतो. स्नानसंस्काराची तारीख किती जणांना ठाऊक आहे? चर्चच्या कार्यालयातील नोंदवहीत ती आहे. या आठवड्यात येऊन पाहून जा, आणि घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. तोही आपला दिनविशेषच.

चिंतनासाठी :
१. संकट आले की ‘कुणाच्या पापामुळे?’ असे मी विचारतो का?
२. सर्वांनी ‘हो’ म्हटले असता मी कधी ‘नाही’ म्हटले आहे का?
३. माझ्या सत्य बोलण्याची झळ दुसऱ्याला लागली, तर मी त्याच्या पाठीशी उभा राहतो का?

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू