‘पुरे’ केव्हा म्हणावे?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी ओळखीचाच विषय निवडला : आमच्या कडा परिसरातील ऊसतोड कामगारांचे जीवन. प्रश्न एवढाच होता, की मुलाखती किती घ्याव्यात?

संख्यात्मक पाहणीत नमुना किती असावा, हे गणिताने ठरविता येते. गुणात्मक संशोधनात तसे नसते. ग्लेझर व स्ट्रॉस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९६७ साली त्यासाठी ‘संपृक्तता’ ही कल्पना मांडली. पाण्यात साखर विरघळेनाशी झाली, की द्रावण संपृक्त झाले असे आपण म्हणतो. त्याचप्रमाणे नव्या मुलाखतीतून नवे काही हाती लागेनासे झाले, की थांबावे. पुढे २००६ साली गेस्ट, बन्स व जॉन्सन यांनी घाना व नायजेरियातील स्त्रियांच्या ६० मुलाखती तपासल्या. बहुतेक मुद्दे पहिल्या १२ मुलाखतींतच आलेले त्यांना आढळले.

मी आठ मुलाखती घेतल्या. उचल, मुकादम, टनामागचा भाव. सहाव्यापासून तेच ते. समाधानाने वही मिटली. तेव्हा चुलीपुढे बसलेली आई म्हणाली, “समद्यांला इचारलंस, मला न्हाई इचारलं.”

मी चपापले. आठही जण पुरुष होते! ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. माझ्या वहीत अर्धाच कोयता होता.

मग आईला व आणखी पाच बायांना विचारले. अंधारात उठून भाकरी थापायच्या, दिवसभर फडात मोळ्या बांधून डोक्यावर वाहायच्या. उचल दोघांच्या कष्टावर, पण मोजून घेणार नवरा. पोरीला गावी ठेवावे की कोपीवर न्यावे, हा घोर वेगळाच. शाळा बुडू नये म्हणून मला आजीजवळ ठेवून जाताना आई वाटभर रडत असे, हे मला एकोणिसाव्या वर्षी, या मुलाखतीत कळले.

तेव्हा वाचकहो, १२ हा काही मंत्र नव्हे. त्या ६० स्त्रिया बऱ्याच अंशी एकसारख्या गटातील होत्या, म्हणून तेथे तो आकडा पुरला. तीच ती उत्तरे येऊ लागली, की माहिती पुरी झाली असेल, किंवा आपण एकाच दारावर थापा मारीत असू. ‘पुरे’ म्हणण्यापूर्वी कोणाला विचारायचे राहिले, हे पाहावे. ते माणूस कदाचित आपल्याच घरात असेल.