पोटरीतील पेटका

रात्रीचा तिसरा प्रहर असतो. दिवसभर उभ्याने काम करून आलेला, साठीच्या घरातील एखादा गृहस्थ झोपेतच कूस बदलतो व सहज पाय ताणतो. तोच पोटरीत कोणी पिळा घालावा तशी कळ उठते आणि तो ओरडून उठून बसतो. पाऊल आपोआप खाली वळलेले असते, बोटे आखडलेली असतात. पोटरीवर हात ठेवावा तर तेथे लिंबाएवढा कठीण गोळा लागतो. घरातील मंडळी जागी होतात. कोणी तेल आणते, कोणी पाय दाबू लागते. काही मिनिटांत गोळा विरघळतो. दुखरेपणा मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळतो आणि त्याहून अधिक काळ मनात भीती राहते की, आज रात्री पुन्हा तसेच होईल काय?

या व्यथेला मराठीत गोळा येणे, पेटका येणे अथवा वांब येणे असे म्हणतात. हिंदी भाषिक प्रदेशांत 'नस चढली' असे म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः यात कोणतीही शीर चढत नाही की उतरत नाही. जो आखडतो तो स्नायू होय आणि त्याला आखडण्याचा हुकूम देणारा असतो मज्जातंतू. हा भेद केवळ शब्दांचा नाही. पेटक्यावर लोक जे उपाय करतात, त्यांपैकी कोणते उपयोगी, कोणते निरर्थक आणि कोणते धोक्याचे, हे त्यावरून ठरते.

स्नायू आखडतो कसा आणि सुटतो कसा

पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत असलेल्या पेशींपासून निघालेले तंतू स्नायूपर्यंत पोहोचलेले असतात. त्यांतून विद्युत्संदेश आला की स्नायूच्या धाग्यांत साठवलेले कॅल्शियम मोकळे होते. त्यायोगे धाग्यांतील दोन प्रकारचे बारीक तंतू एकमेकांवर सरकतात व स्नायू आखूड होतो. तंतू असे सरकतात ही कल्पना १९५४ मध्ये दोन संशोधक जोड्यांनी स्वतंत्रपणे मांडली आणि पुढे ती सर्वमान्य झाली.

स्नायू आखडण्यास शक्ती लागते आणि तो सैल पडणे म्हणजे नुसती विश्रांती, असा सामान्य समज असतो. तो पुरता खरा नाही. सैल पडण्यासाठी कॅल्शियम पुन्हा त्याच्या कोठारात ओढून न्यावे लागते व परस्परांत अडकलेले तंतू सोडवावे लागतात. या दोन्ही कामांना शक्ती खर्ची पडते. मृत्यूनंतर शरीर ताठ होते ते याच कारणाने; ही शक्ती पुरवणारे द्रव्य संपते व तंतू अडकलेले ते अडकलेलेच राहतात. पेटक्यात मात्र शक्ती संपलेली नसते. तेथे हुकूमच थांबत नाही. पेटका आलेल्या स्नायूतील विद्युत्क्रिया यंत्राने नोंदली असता, मज्जातंतूंतून अतिशय जलद गतीने एकामागून एक संदेश येत असल्याचे दिसते. मनुष्य कितीही म्हणो, 'सैल हो', पण त्याचे म्हणणे त्या गर्दीत ऐकू जात नाही.

खाणीतील मजूर व मीठ

हे संदेश असे बेफाम का होतात, या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर खाणी, भट्ट्या व आगबोटींची बॉयलरघरे यांतून आले. अतिशय उष्ण जागी कष्टाचे काम करणाऱ्या मजुरांना हातपायांत व पोटात भयंकर पेटके येत. के. नेव्हिल मॉस यांनी इंग्लंडमधील कोळशाच्या खोल व उष्ण खाणींतील मजुरांचे निरीक्षण करून १९२३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका पाळीत या मजुरांच्या अंगातून कित्येक लिटर घाम जात असे आणि तहान लागली म्हणून ते तितक्याच सढळपणे साधे पाणी पीत. घामाबरोबर मीठही जाते. ते मात्र भरून निघत नसे. म्हणजे ज्याने अधिक पाणी प्यावे त्याच्याच रक्तातील मीठ अधिक पातळ व्हावे, असा हा उलटा न्याय होता. पाण्यात थोडे मीठ घालताच या मजुरांचे पेटके कमी झाले. पुढे अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर हूवर धरणाचे बांधकाम चालू असता, १९३२ च्या उन्हाळ्यात हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी तेथील कामगारांची तपासणी केली. त्यांनाही ज्यांना पेटके आले त्यांच्या शरीरात मिठाचीच तूट आढळली.

भारतात हीच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या एका रूपाने लोकांनी पाहिली आहे. पटकीच्या रोग्याच्या शरीरातून जुलाब व वांत्यांवाटे पाणी आणि क्षार झपाट्याने निघून जातात. अशा रोग्याच्या पोटऱ्यांत येणारे गोळे इतके ठळक असतात की पटकीच्या जुन्या वर्णनांतून ते वगळलेले सहसा आढळत नाहीत. पाणी व क्षार परत मिळाले की गोळेही थांबतात. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, साखर व पाणी यांचे द्रावण तोंडावाटे देऊन पटकीचे असंख्य रोगी वाचवले. तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. तेच द्रावण आज सुधारलेल्या स्वरूपात पुडीत भरून आरोग्यकेंद्रांतून मिळते. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून काम भागते. मीठ त्याहून अधिक घालू नये.

वीटभट्टीवर राबणारा, उन्हात सायकलरिक्षा ओढणारा, ओतशाळेत भट्टीपुढे उभा राहणारा किंवा उन्हाळ्यात शेतात नांगरट करणारा मनुष्य घामाने निथळून पेटक्याने कळवळू लागला, तर त्याला सावलीत न्यावे व असे द्रावण घोट घोट पाजावे. त्याचे बोलणे असंबद्ध होऊ लागले किंवा अंग तापून शुद्ध हरपू लागली, तर मात्र हा नुसता पेटका नव्हे. तो उष्माघात होय. अशा वेळी तोंडाने काही पाजण्याच्या खटपटीत न पडता त्याचे अंग भराभर गार करावे व त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

मिठाने न सुटणारे कोडे

येथपर्यंत सारे सरळ आहे. परंतु पंख्याखाली निजलेल्या गृहस्थाला कोठे घाम आला होता? त्याच्या रक्तातील क्षार बहुधा यथास्थित असतात. फार लांब पल्ल्याच्या शर्यतींत धावणाऱ्यांच्या रक्ताची तपासणी दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी केली. ज्यांना पेटके आले आणि ज्यांना आले नाहीत, त्यांच्यातील क्षारांत पेटक्यांचा उलगडा होण्याजोगा फरक त्यांना आढळला नाही. शिवाय विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, क्षार कमी झाले तर ते साऱ्या शरीरात कमी होतात. मग राबलेल्या पोटरीतच गोळा का यावा, कानशिलात का येऊ नये? आणि नुसता पाय ताणल्याने तो का सुटावा? ताणण्याने रक्तात मिठाचा एक कणही वाढत नाही.

यास्तव बहुतेक संशोधकांचे लक्ष आता मज्जातंतूंकडे वळले आहे. स्नायूत ताण जाणणारी दोन प्रकारची इंद्रिये असतात. स्नायूच्या आत असलेली इंद्रिये तो ताणला गेला की 'आखड' असा संदेश धाडतात. स्नायू जेथे हाडाला जोडलेला असतो त्या कंडरेतील इंद्रिये, ताण फार वाढला की 'पुरे' असे सांगतात. स्नायू थकला असता पहिल्यांचा आवाज चढतो व दुसऱ्यांचा क्षीण होतो, असे मानण्यास आधार आहे. त्यातच तो स्नायू आधीच आखूड स्थितीत असेल तर कंडरेवर ताण नसल्याने 'पुरे' म्हणणारा कोणी उरत नाही. झोपलेल्या माणसाचे पाऊल नेमके असेच असते. पांघरुणाच्या भाराने व सवयीने ते खाली झुकलेले असते आणि पोटरी आखूड झालेली असते. अशात एखादी लहानशी हालचाल झाली की ठिणगी पडते.

या मताला पुष्टी देणारा एक गमतीदार प्रयोग अमेरिकेत झाला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. स्वयंसेवकांच्या पावलातील लहान स्नायूत विजेच्या साहाय्याने मुद्दाम पेटका आणला गेला व त्यांना काकड्या मुरवलेले आंबट-खारट पाणी थोडेसे पाजले गेले. साध्या पाण्यापेक्षा त्याने पेटका लवकर, म्हणजे सरासरी दीड मिनिटात सुटला. इतक्या अल्पावधीत मीठ आतड्यातून रक्तात पोहोचत नाही. रक्तातील क्षारही बदललेले आढळले नाहीत. सबब, तोंडात व घशात लागलेल्या त्या तीव्र चवीनेच मज्जारज्जूकडे काही प्रतिक्षेप जाऊन बेफाम संदेश शमले असावेत, असा तर्क केला गेला. आपल्याकडील तेलात मुरलेल्या लोणच्यावर असा प्रयोग कोणी करून पाहिला तर तो वाचनीय ठरेल. तोवर त्याला औषध म्हणणे घाईचे होईल.

पेटका आला असता

उपाय साधा आहे व तो प्रत्येकाला, विशेषतः शाळकरी मुलांना, करता आला पाहिजे. गुडघा सरळ करावा आणि पावलाची बोटे हळूहळू नडगीकडे ओढावीत. हात पोहोचत नसेल तर पंचा किंवा धोतराचा सोगा तळव्याला अडकवून ओढावा. झटका देऊ नये. आखडलेल्या स्नायूला हिसका बसला तर त्याचे धागे तुटण्याचा संभव असतो. गुडघा सरळ ठेवण्यास कारण आहे. पोटरीचा वरचा मोठा स्नायू गुडघा व घोटा हे दोन्ही सांधे ओलांडून जातो. गुडघा वाकलेला असला तर तो पुरता ताणलाच जात नाही. उभे राहणे शक्य असेल तर टाच जमिनीला घट्ट टेकवून त्या पायावर भार द्यावा. बोटे स्वतःच्या जोराने वर उचलता आली तर अधिकच चांगले. नडगीकडचा स्नायू आखडला की त्याच्या विरुद्ध बाजूच्या पोटरीला सैल होण्याची सूचना मज्जारज्जूतूनच मिळते. स्नायूंची ही परस्परविरोधी जोडणी शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने उलगडून दाखवली. मज्जासंस्थेवरील कार्याबद्दल त्याला १९३२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. गोळा सुटल्यावर हलक्या हाताने चोळावे व शेक द्यावा. आधीच जोरजोराने रगडण्यात अर्थ नाही.

विहिरीत किंवा नदीत पोहताना पेटका आला तर त्याने मनुष्य बुडत नाही. घाबरून हातपाय झाडल्याने बुडतो. अशा वेळी प्रथम उताणे होऊन तरंगावे, मोठा श्वास घ्यावा, हाक मारावी आणि मग पावलाची बोटे धरून पाय सरळ ताणावा. गोळा सुटल्यावर तोच पाय जोराने न मारता हातांच्या बळावर काठ गाठावा. पोहायला शिकवणाऱ्याने हा धडा उथळ पाण्यात प्रत्यक्ष करून घ्यावा. खोल पाण्यात तो सुचत नाही.

रात्रीचा पेटका टाळता येतो काय

निजण्यापूर्वी पोटऱ्या ताणण्याची सवय उपकारक दिसते. भिंतीपासून दोन-तीन फुटांवर उभे राहून, टाचा जमिनीला टेकलेल्या ठेवून, हात भिंतीवर टेकवीत पुढे झुकावे. पोटरीत ओढ जाणवली की थोडा वेळ तसेच राहावे व असे तीन-चार वेळा करावे. नेदरलँड्समध्ये ५५ वर्षांवरील ८० व्यक्तींवर झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, सहा आठवडे नित्य ताण देणाऱ्यांचे पेटके इतरांपेक्षा कमी झाले. त्यापूर्वीच्या एका प्रयोगात मात्र असा लाभ दिसला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. परंतु या उपायाला पैसा लागत नाही व अपाय जवळजवळ नाही. काहींनी असाही तर्क मांडला आहे की उकिडवे बसण्याची सवय ज्या समाजांत टिकून आहे, तेथे पोटऱ्या रोजच ताणल्या जातात व पेटके कमी येतात. तर्क आकर्षक आहे. तो सिद्ध झालेला नाही.

मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा फार बोलबाला आहे. अनेक प्रयोगांचा एकत्रित विचार केला असता, वयस्कर माणसांच्या पेटक्यांवर त्यांचा म्हणण्याजोगा उपयोग दिसत नाही. गरोदर स्त्रियांच्या बाबतीत निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. त्यांनी तरी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कोणतीच गोळी घेऊ नये.

क्विनीनची कथा निराळी व अधिक बोधक आहे. निलगिरी व दार्जिलिंगच्या डोंगरांत एकोणिसाव्या शतकात सिंकोनाची लागवड झाली ती हिवतापासाठी. १९४० मध्ये अमेरिकेतील दोन डॉक्टरांनी रात्रीच्या पेटक्यांवर क्विनीन गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले आणि पुढे अनेक देशांत वृद्ध माणसे झोपताना ते घेऊ लागली. क्विनीनने पेटके थोडेफार कमी होतात, हे खरे आहे. पण क्वचित कोणाच्या रक्तातील बिंबाणू एकाएकी इतके घटतात की रक्तस्राव थांबत नाही. कोणाच्या हृदयाची लय बिघडते. हे असे प्रसंग प्राणघातकही ठरले आहेत. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी १९९४ मध्ये पेटक्यांसाठी क्विनीनची मुक्त विक्री बंद केली व पुढेही वारंवार इशारे दिले. दोन मिनिटांच्या वेदनेसाठी एवढी जोखीम पत्करणे हिशेबात बसत नाही.

मिठाबद्दलही सावध असावे. घाम गाळणाऱ्याला जे मीठ तारते, तेच रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या वृद्धाला बाधते. त्याच्या रात्रीच्या पेटक्यावर खारट पाणी पाजणे, म्हणजे खाणीतील औषध शयनगृहात आणणे होय.

पोटरीची प्रत्येक कळ पेटक्याचीच असते, असे नाही. एकच पोटरी सुजली, लाल व गरम झाली आणि दुखणे मिनिटांत न थांबता दिवसभर टिकले, तर आतील शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अशी पोटरी मुळीच चोळू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. काही अंतर चालले की पोटरी दुखते आणि थांबले की राहते, असे वरचेवर होत असेल तर धमन्या अरुंद झाल्याचा संशय घ्यावा. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे विशेष आढळते. मधुमेह, यकृताचे जुने दुखणे, लघवी वाढवणारी औषधे यांमुळेही पेटके वाढतात. अशा रोग्याने औषध स्वतःहून बंद न करता, पेटके किती वेळा व कोणत्या वेळी येतात हे आठवडाभर कागदावर टिपून तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा.